निबिरू, नववा ग्रह आणि मिरामारचे दिवे

वर एकांनी लिहिलंय, शास्त्रज्ञच आता नवव्या ग्रहाबद्दल बोलतात, म्हणजे निबिरू (पृथ्वीवर आदळणार अशी अफवा असलेला मोठा ग्रह) खरा होता आणि तो दडवला गेला. ही गल्लत होऊ नये असं मला मनापासून वाटतं. 2016 साली बॅटिगिन आणि ब्राउन या खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलेला ग्रह नेपच्यूनच्या कितीतरी पलीकडचा, सूर्याभोवती एका फेरीला हजारो वर्षं लावणारा. तो पृथ्वीकडे फिरकत नाही, आणि अजून कुणाला दिसलेलाही नाही.

निबिरू मात्र आधी 2003 मध्ये आदळणार होता, मग 2012 मध्ये. इतका मोठा ग्रह आत शिरला तर सगळ्या ग्रहांची चाल बिघडेल. युरेनसच्या चालीतला बारीकसा फरक धरूनच 1846 मध्ये नेपच्यून सापडला ना? इथे तर पंचांगातली ग्रहणं आजही मिनिटाला बरोबर लागतात. काही महिन्यांवर आलेला ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. तो कुठलं सरकार झाकणार?

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर काहींना दिसलेल्या ‘उडत्या तबकड्यां’बद्दल: एकामागोमाग एक, सारख्या वेगाने सरकणारे आणि मध्येच विझणारे दिवे असतील तर ते बहुतेक स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे, उपग्रह. सूर्य मावळला तरी वर त्यांच्यावर ऊन असतं. पृथ्वीच्या सावलीत शिरले की दिसेनासे होतात. ज्यांनी पाहिलं ते खोटं बोलत नाहीत, त्यांची टिंगल करू नका. फक्त वेळ आणि दिशा लिहून ठेवा, उपग्रहांच्या वेळापत्रकाशी ताडून बघता येतं.