मदत हवी आहे: स्नीक अटॅक ‘पाळीत एकदा’ की ‘फेरीत एकदा’?

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागेत आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे आणि फासे घेऊन खेळायचा कल्पित साहसाचा खेळ खेळतो. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ सालच्या पुस्तकातले असून डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, मी आहे. आमच्यापैकी दोघांना इंग्रजी पुस्तक जड जाते, म्हणून मी प्रत्येक पात्राच्या क्षमतांचा मराठी तक्ता हाताने लिहून दिला होता. सध्याचा वाद त्याच तक्त्यातून निघाला आहे, हे आधीच कबूल करतो.

एका खेळाडूचे पात्र पाचव्या पातळीचे रोग, म्हणजे इंग्रजीतले ‘rogue’, चोरट्या चालीचे पात्र, आहे. (देवनागरीत हे नाव वाचून त्याच्या आजीने काळजीने चौकशी केली होती.) स्नीक अटॅक, म्हणजे शत्रूला गाफील गाठून केलेला वार, लागू झाला की त्याला इजेसाठी सहा बाजूंचे तीन फासे जादा मिळतात. ही क्षमता किती वेळा वापरता येते ते सांगताना पुस्तकात ‘वन्स पर टर्न’ असे शब्द आहेत आणि मी तक्त्यात ‘दर फेरीत एकदा’ असे लिहून मोकळा झालो. खेळात मात्र टर्न म्हणजे एका पात्राची पाळी, आणि राउंड म्हणजे सर्वांच्या पाळ्या मिळून होणारी साधारण सहा सेकंदांची फेरी. गेल्या रविवारी त्याने स्वतःच्या पाळीत स्नीक अटॅक केला, पुढे गॉब्लिन स्वतःच्या पाळीत त्याच्याजवळून पळू लागला तेव्हा ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे आवाक्यातून निसटणाऱ्या शत्रूवर लगेच करता येणारा वार, घेतला आणि पुन्हा तीन फासे मागितले. मी तक्ता दाखवून नकार दिला, त्याने मूळ पुस्तक उघडून ठेवले, आणि खेळ तासभर थांबला.

आमच्यात दोघे बुद्धिबळातून आलेले आहेत, सांगलीत ते साहजिकच आहे. त्यांतील एकाने पन्नास चालींच्या नियमाचा दाखला दिला: तिथेही ‘चाल’ म्हणजे एकाची की दोघांची मिळून, हे ठरल्याशिवाय मोजणीच सुरू करता येत नाही. घरी येऊन मी पुस्तक पुन्हा चाळले, तेव्हा क्लेरिकच्या (पुरोहित पात्राच्या) डिव्हाइन स्ट्राइक या क्षमतेमध्ये ‘तुमच्या प्रत्येक पाळीत एकदा’ अशी स्पष्ट शब्दरचना सापडली. ज्यांना स्वतःच्या पाळीची अट घालायची होती त्यांनी ती तिथे घातली आहे आणि स्नीक अटॅकमध्ये घातलेली नाही, तेव्हा गॉब्लिनच्या बाबतीत माझाच निर्णय चुकला, असे मला आता वाटते.

खरी अडचण पुढची आहे. त्याच खेळाडूने आता अशी योजना मांडली आहे की विझार्डने (जादूगार पात्राने) त्याच्यावर हेस्ट मंत्र टाकावा, मंत्राने मिळणाऱ्या जादा कृतीतून त्याने आपल्या पाळीत एक वार करावा, नेहमीची कृती ‘रेडी’साठी, म्हणजे ठरवलेले निमित्त घडताच करण्यासाठी, राखून दुसरा वार पुढच्याच्या पाळीत करावा आणि असे प्रत्येक फेरीत दोनदा स्नीक अटॅक घ्यावेत. तीन फाशांची सरासरी साडेदहा. दोन्ही वार लागले तर दर फेरीला एकवीस इजा केवळ या क्षमतेची. पळणाऱ्या शत्रूवर अवचित मिळालेला वार मला न्याय्य वाटतो, पण ठरवून दर फेरीला उकळलेला वार नियमाच्या अक्षरात बसत असला तरी त्याच्या हेतूत बसतो का, याबद्दल मन साशंक आहे. ही योजना मी मान्य करावी का? जाणकारांनी कृपया कारणासहित सांगावे.

प्रतिसाद:

गॉब्लिनच्या बाबतीत आपला दुसरा विचार बरोबर आहे. दुसऱ्याच्या पाळीत तत्काळ प्रत्युत्तराने, म्हणजे रिअ‍ॅक्शनने केलेल्या वारावर स्नीक अटॅक चालतो, मात्र ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरण्याची सोय) किंवा लक्ष्यापासून पाच फुटांत त्याचा दुसरा शत्रू, ही नेहमीची अट त्या क्षणीही पुरी झालेली असावी लागते. ती बऱ्याचदा होत नाही आणि घाईत कोणी तपासतही नाही.

हेस्टची योजना अक्षराने वैध आहे. बंदी घालण्यापूर्वी तिची किंमत मोजून पाहा, असे सुचवतो. रेडी केलेला वार रिअ‍ॅक्शन खर्च करतो आणि ती पुढची पाळी येईपर्यंत परत मिळत नाही, त्यामुळे पाचव्या पातळीला मिळालेला अनकॅनी डॉज, म्हणजे एका वाराची इजा निम्मी करण्याची सोय, त्या फेरीत हातची जाते. शिवाय हेस्टसाठी विझार्डला एकाग्रता टिकवावी लागते. त्याला एखादा बाण लागून ती मोडली, तर तुमचे रोग महाशय स्वतःची पुढची पाळी संपेपर्यंत हलूही शकत नाहीत आणि कृतीही करू शकत नाहीत. शत्रूंमध्ये दोन चांगले धनुर्धारी ठेवा. नियम बदलायची गरज पडणार नाही.

रेडीचे निमित्त मात्र काटेकोरपणे विचारा. ते पात्राला दिसेल किंवा ऐकू येईल असे काही असावे लागते. ‘पुढच्याची पाळी सुरू झाली की’ हे निमित्त चालत नाही, कारण पाळी खेळाडूंना कळते, पात्राला नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार. निमित्ताचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. येत्या रविवारी गॉब्लिनवरच्या वाराचे तीन फासे त्याला टाकू देईन, तक्त्यात ‘फेरीत’ खोडून ‘कोणत्याही एका पाळीत एकदा’ असे लिहीन, आणि हेस्टची योजना निमित्त नेमके सांगण्याच्या अटीवर मान्य करीन. एक शंका उरते. ‘आमच्या योद्ध्याने तलवार उगारली की’ असे निमित्त त्याने सांगितले आणि योद्धा त्या फेरीत केवळ मागे सरला, तर राखलेली कृती वाया गेली असेच धरायचे ना?

प्रतिसाद:

होय, वायाच गेली. स्वतःची पुढची पाळी सुरू होईपर्यंत निमित्त घडले नाही, तर ती कृती आणि तो वार दोन्ही गेले.