तातडीची मदत: ३६ + २९ = ६२ कसे? (दोन कृष्णविवरांची टक्कर)

फळा_खडू: प्रदर्शनाचा चार्ट आज संध्याकाळी लॅमिनेशनला द्यायचाय. मुलांनी ३६ + २९ = ६२ लिहिलंय, मोठ्या सरांनी लाल पेनाने ६५ केलंय. बरोबर काय? प्लीज लवकर.

रिकामटेकडा: ३६ काय, किलो? आणि कुठल्या टकरीचे आकडे? आजवर शेकडो नोंदल्या गेल्यात.

फळा_खडू: अहो, सूर्याच्या ३६ पट! लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, सापडलेली पहिलीच. १४ सप्टेंबर २०१५.

निशाचर: मुलं बरोबर आहेत. ३ सूर्यांएवढं वस्तुमान गुरुत्वीय लहरींची (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची) ऊर्जा होऊन गेलं, बहुतेक शेवटच्या काही गिरक्यांतच. नवं विवर क्षणभर थरथरलं आणि स्थिरावलं. १३० कोटी प्रकाशवर्षांवरून लहरी इथे पोचल्या तेव्हा लायगोच्या ४ किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान होता.

तर्ककठोर: कृष्णविवरातून काही बाहेर पडत नाही म्हणता, मग ३ सूर्य सुटले कसे?

निशाचर: आतून काहीच सुटलं नाही. ऊर्जा गेली ती दोघांच्या घिरट्यांतली आणि भोवतालच्या गुरुत्वीय क्षेत्रातली. हॉकिंगचं प्रमेय सांगतं की क्षितिजांचं, म्हणजे जिच्या आतून काहीच परत येत नाही त्या विवराच्या सीमेचं, एकूण क्षेत्रफळ घटत नाही. ते ढोबळमानाने वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. ३६ आणि २९ च्या वर्गांची बेरीज २१३७, ६२ चा वर्ग ३८४४. नवं विवर गरगर फिरतंय म्हणून थोडी वजावट करा, तरी वाढच.

गच्चीवरून: त्यापेक्षा मुलांना ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेऊन द्या. शनीची कडी बघू द्या.

तर्ककठोर: प्रत्येक धाग्यावर तुमची ती डॉब्सोनियन!

हिंगोलीकर: आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केलेत. ते चार्टवर हवंच.

फळा_खडू: जागा नाही हो! मधोमध मोठ्ठा केशरी स्फोट आहे. तो तरी बरोबर ना?

गच्चीवरून: अगदी. २०१७ मध्ये दुर्बिणींतून दिसलाच होता.

निशाचर: काहीही काय! ते न्यूट्रॉन तारे होते. त्यांच्यात पदार्थ असतो, तो उधळतो, चमकतो. आजूबाजूला वायू वगैरे नसेल तर दोन कृष्णविवरं भिडून उजेड पडत नाही. स्फोट काढा, लहरींची वर्तुळं घाला. आणि ६२ पुढे ‘+ ३ (लहरी)’ लिहा, म्हणजे सरांचे ६५ पण जुळले.

फळा_खडू: ते लिहिते. पण स्फोट पाचवीच्या पोरांनी रंगवलाय, रडतील.

हिंगोलीकर: त्यावर औंढ्याचा नकाशा चिकटवा.