'वर्ग', 'प्रदान' की 'निहित'?

खटावकर: उपकेंद्रासाठी गायरानातली २० आर जागा गावाला मिळाली. फलकावर 'ग्रामपंचायतीकडे वर्ग' लिहायचं ठरलंय, पण ग्रामसेवक म्हणतात 'निहित' लिहा. तो शब्द गावात किती जणांना कळणार?

मिरजवाला: आदेशाचं कलम बघा. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५१ असेल तर निहित. जमीन महसूल संहितेचं कलम ४० आणि सरकारी जमिनींचे १९७१ चे विल्हेवाट नियम असतील तर प्रदान. 'वर्ग' हा खात्याखात्यातला शब्द, रक्कम वर्ग होते तसा. त्यात सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आला की आणखी घोळ.

कृष्णाकाठ: निहित म्हणजे नि + धा, ठेवलेलं. त्यापेक्षा सरळ 'सोपवली' लिहा. मराठीला काय धाड भरलीय?

माणदेशी: 'सोपवली' वाचून कायमची दिली असं वाटतं. कलम ५१ ची जमीन शासनाला लागली तर परत घेता येते. प्रदान जमिनीवर ठरलेल्या कामाऐवजी गाळे बांधले तर शर्तभंग, म्हणजे सरकारजमा होऊ शकते. तो अर्थ 'सोपवली'त येत नाही.

कृष्णाकाठ: 'निहित'मध्ये तरी कुठे येतो? ताबा, कब्जा, महसूल हे अरबी शब्द चालतात आणि घरचा नको!

मिरजवाला: ते कित्येक शतकं दफ्तरात मुरलेत. फलकाचं भांडण नाही, पण ठरावात आदेशातलाच शब्द हवा.

माणदेशी: शब्द राहू द्या, मोजणी झाली का? आदेशात नुसतं 'गट नंबर अमुक पैकी ०.२० हे.' असतं. चतुःसीमा नाही, क-प्रत (मोजणीचा नकाशा) नाही. मग सर्कल (मंडळ अधिकारी) ताबा पावती करतात ती अंदाजाने, फेरफार (सातबाऱ्यावरची नोंद बदलणं) अडतो, आणि बांधकामाच्या वेळी शेजारचा म्हणतो माझ्या बांधात आलात. आधी भूमि अभिलेखकडे मोजणी फी भरा, खुणा रोवून घ्या, मग ताबा. अतिक्रमण असेल तर गाव नमुना १-इ, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, पण बघा.

खटावकर: मोजणी अजून व्हायचीय.

माणदेशी: मग फलक थांबवा. आणि संहितेच्या कलम २२-अ प्रमाणे दुसरी योग्य सरकारी जमीन नाही, हे तहसीलदारांच्या अहवालात आहे ना ते तपासा. गायरानाला ते लागतंच.

कोरेगावकर: 'गायरान' कशाला? सातबाऱ्याला 'गुरचरण' असतं.

कृष्णाकाठ: गाय अधिक रान, याहून मराठी काय असणार!

कोरेगावकर: गाईपुरतंच रान होतं का? म्हशी, शेळ्या कुठे चरायच्या?