मुलीचे लग्न ठरले आहे. व्हॅल्प्रोएट बंद करावे का?

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची असून अपस्मारासाठी सहा वर्षांपासून सोडियम व्हॅल्प्रोएट घेते. दोन वर्षांत तिला एकही झटका आलेला नाही. लग्न ठरल्यामुळे नातेवाईक गोळ्या थांबवण्याचा आग्रह धरत आहेत. काय करावे?

पहिले उत्तर : ताई, कृपया स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. औषध अचानक थांबवल्यास पाच मिनिटांनंतरही न थांबणारा, जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो. मात्र गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे १० टक्के बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळते आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. म्हणून लग्नाआधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटून पर्यायी औषधाबद्दल स्पष्ट विचारा.

दुसरे उत्तर : माझे औषध बदलून लॅमोट्रिजिन हे अपस्माराचे दुसरे औषध दिले, तेव्हा त्याला काही महिने लागले. व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण वाढते, त्यामुळे सुरुवात अगदी कमी मात्रेने करतात. या काळात अंगावर पुरळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी हेच प्रमाण घटते, हेही मुलीला सांगून ठेवा. गर्भारपणासाठी फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व किती घ्यायचे, ते डॉक्टरच ठरवतील.

तिसरे उत्तर : सासरच्यांपासून आजार लपवू नका, लपवल्यास गोळ्या चुकतात. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर १९९९ मध्येच काढून टाकण्यात आला आहे.