कासा दे पिलातोस, सेव्हिल: काय बघायचं

नीलिमाताई (बी-३०४): स्पेनमधल्या सेव्हिलला एकच वाडा बघण्याइतका वेळ असेल तर कासा दे पिलातोस बघा. पेद्रो एन्रिकेस आणि कातालिना दे रिबेरा यांनी १४८३ च्या सुमारास काम सुरू केलं, पण वाड्याला आजचं रूप दिलं त्यांचा मुलगा फाद्रिके याने. १५१८ ते १५२० अशी जेरुसलेमची यात्रा करून तो इटलीमार्गे परतला. पुढे दर्शनी दरवाजा इटलीतल्या जेनोआहून संगमरवरात घडवून आणवला, १५२९ मध्ये.

सावंत (ए-१०२): पण आतल्या कमानी तर अरबी वळणाच्या दिसतात?

नीलिमाताई: ते मुदेहार काम, म्हणजे ख्रिस्ती राजवटीतही चालत राहिलेली मुस्लिम वळणाची स्पॅनिश शैली, गिलाव्यात केलेलं. खांब जेनोआचे, वरचा कठडा गॉथिक, म्हणजे युरोपच्या मध्ययुगीन शैलीतला. चौकात २४ कमानी आहेत आणि त्यांची रुंदी सारखी नाही, मुद्दाम बघा. वाडा एका नकाशावर उभा राहिला नाही, टप्प्याटप्प्याने वाढला. मला तर हेच त्याचं खरं सौंदर्य वाटतं.

कुलकर्णी काका (सी-६०१): सगळ्यात जास्त वेळ टाइल्सना द्या. १५३० च्या दशकात दिएगो आणि हुआन पोलिदो या भावांनी केल्या, नमुने सुमारे दीडशे. ओल्या मातीवर साचा दाबायचा, म्हणजे नक्षीच्या रेषा कंगोऱ्यासारख्या वर राहतात. मग एकेका खळग्यात वेगळा रंग: हिरव्याला तांबं, निळ्याला कोबाल्ट, जांभळट तपकिरीला मँगनीज, मधाळ पिवळ्याला लोह, पांढऱ्याला कथील. भट्टीत झिलई वितळते, पण कंगोऱ्यामुळे शेजारच्या रंगात उतरत नाही. कंगोरा बसका निघाला की रंग मिसळलाच. समोरून हे कळत नाही. भिंतीलगत उभं राहून तिरकं बघा.

सावंत: पाचशे वर्षं टिकल्या कशा?

कुलकर्णी काका: झिलई पक्की असते, घात होतो मागून. जमिनीतली ओल भिंतीत चढते, क्षार टाइलच्या पाठीशी साठतात, लोणा फुगतो आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. म्हणून अशा भिंतीत बदलीची टाइल चुन्यातच बसवावी. सिमेंट ओल कोंडतं, वर स्वतःचे क्षारही सोडतं.

नीलिमाताई: जिनाही चुकवू नका. दोन्ही अंगांना उंचापर्यंत टाइल्स, वर १५३७ चा सोनेरी लाकडी घुमट. चित्रकार पाचेकोने रंगवलेलं हर्क्युलिसचं छत वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा तिकीट तो मजला धरून काढा.