अंत्यविधीचा पैसा मृत्युपत्रात लिहून ठेवण्यात काही अर्थ आहे का?

कोरी_वही
बाबा रात्री अडीचला गेले. साडेतीनच्या सुमारास पैशांचा पहिला प्रश्न आला. बाबांचं सगळं टापटीप होतं. नोंदणी केलेलं मृत्युपत्र, ठेवींची यादी, अंत्यविधीसाठी अमुक ठेव मोडावी असं वेगळं कलमसुद्धा. पण मृत्युपत्र वकिलांच्या कपाटात आणि ठेव एकट्या बाबांच्या नावावर. धाकट्या भावाने बाबांच्या फोनवरून पैसे वळते करता येतील का पाहिलं. फोन अंगठा मागत होता. त्याने एकदा पलंगाकडे पाहिलं आणि फोन उपडा ठेवून दिला.

सगळा खर्च त्याच्या क्रेडिट कार्डावर झाला. बाबांनी बाजूला काढलेली रक्कम हातात यायला अकरा महिने लागले. तोवर पावत्यांवरची शाई उडाली होती आणि "एवढं करायला सांगितलं होतं कोणी?" असं घरातल्या एकाने विचारूनही झालं होतं. तो मी.

आता माझी व्यवस्था लावायला बसलोय. माझं मत असं की या खर्चाची तरतूद इस्टेट प्लॅनमध्ये हवीच, पण मृत्युपत्राच्या बाहेर. पहिल्या चोवीस तासांत एका ठरलेल्या माणसाच्या हातात येईल असा पैसा आणि सोबत एक कागद. मृत्युपत्र बहुतेक घरांत सगळं आटोपल्यावरच उघडतात. तुमचं काय मत?

उनाडवारा
कहर आहे. जन्मभर मुलांचं केलं, आता स्वतःला पोचवायचं भाडंही आगाऊ भरून जायचं? तेवढं तरी करू द्या की त्यांना. माझे वडील गेले तेव्हा त्या दोन दिवसांत मला जे सुचत होतं ते फक्त धावपळ आणि खर्च करणं. हातात आयतं पाकीट मिळालं असतं तर मी नुसता बसून राहिलो असतो. सगळंच सोयीचं करून ठेवू नये माणसाने.

मधली_बहीण
@उनाडवारा, "मुलांना करू द्या" म्हणजे नक्की कोणाला? आम्ही तिघं. जवळ राहतो तो पैसे देतो, लांब राहतो तो फोनवरून सल्ले देतो, आणि वर्षभराने वाटणीच्या वेळी दोघांनाही आपणच जास्त केल्यासारखं वाटत असतं. तुम्ही एकुलते आहात का हो?

उनाडवारा
आहे. मुद्दा मान्य, अर्धा.

शंकासुर
एवढा काथ्याकूट कशाला? एटीएम कार्ड आणि पिन घरात कोणाला तरी माहीत असतोच. नाहीतर मुखत्यारपत्र करून ठेवायचं.

दफ्तरी
@शंकासुर, दोन्ही उपाय नेमके गरजेच्या वेळी निकामी ठरतात. मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपतं. आणि खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डाने पैसे काढणं नियमात बसत नाही. हेतू कितीही स्वच्छ असला तरी एखादा वारस उद्या हिशेब मागू शकतो.

मृत्युपत्रातलं कलम अगदीच फुकट मात्र नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ३२० सांगतं की मयताच्या इतमामाला साजेसा वाजवी अंत्यविधीचा खर्च आणि शेवटच्या आजारातला वैद्यकीय खर्च सगळ्या कर्जांच्या आधी फेडायचा. इंग्लंडमध्येही वाजवी खर्चाला असाच अग्रक्रम आहे. म्हणजे भावाचे पैसे मिळकतीतून परत मिळायला हवेत, यात वाद नसावा. वाद होतो तो "वाजवी" या शब्दावर. शिवाय कायदा नंबर आधी लावून देतो, त्या रात्री पैसे हातात ठेवत नाही.

आयुर्विम्याचंही तेच. दावा करायला मृत्यूचा दाखला लागतो आणि तो विधीनंतरच हातात पडतो. (दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त काढा. प्रत्येक खिडकीवर एक लागते.) राहिलं संयुक्त खातं, ज्यात मागे राहणाऱ्याला एकट्याच्या सहीने पैसे काढता येतात. पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, शाई खरंच उडते.

उनाडवारा
संयुक्त खातं म्हणजे जिवंतपणीच तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती. मुलगा अडचणीत आला आणि त्याने आजच खातं रिकामं केलं तर? वर तुम्ही गेल्यावर तो म्हणणार, खात्यावर माझं नाव आहे, पैसा माझाच. जो तंटा टाळायचा तोच मागच्या दाराने घरात.

कोरी_वही
हा धोका खरा आहे. म्हणूनच त्या खात्यात फक्त विधीपुरता पैसा, बाकी एक छदामही नाही. आणि तो कशासाठी आहे ते सगळ्या वारसांना आधीच लेखी कळवायचं. बुडाला तर तेवढाच बुडेल.

शंकासुर
मग सरळ पॅकेज घ्या ना आगाऊ पैसे भरून. आजच्या भावात उद्याचा विधी! बऱ्याच देशांत मिळतात असं ऐकून आहे.

दफ्तरी
मिळतात, आणि बुडतातही. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ मध्ये अशी एक कंपनी गाळात गेली, सुमारे ४६,००० ग्राहकांनी तिच्याकडे आगाऊ पैसे भरले होते. त्याच वर्षी जुलैपासून तिथल्या वित्तीय नियामकाने हा धंदा आपल्या देखरेखीखाली घेतला. म्हणून पॅकेज घ्यायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा: पैसा कंपनीच्या खिशात जातो की वेगळ्या न्यासात? करार मोडला तर किती परत मिळतं? दुसऱ्या शहरात मृत्यू आला तर काय?

अमेरिकेत १९८४ पासून नियम आहे की अंत्यविधी सेवा देणाऱ्याने प्रत्येक बाबीचा वेगळा दर लेखी द्यायचा, फोनवर विचारला तरी सांगायचा. नियम असो नसो, आपण मागायला कोणाची हरकत आहे? फक्त रडून डोळे सुजलेले असताना कोणी दरपत्रक मागत नाही. हा धंदा चालतोच त्यावर.

वाचनमात्र
+१. वाचतोय.

कडूगोड
मी वेगळ्या बाजूने विरोधात. पैसा ठेवाल, पण इच्छा पाळली जाईल याची खात्री काय? इंग्लंडमध्ये १८८२ च्या एका निकालात कोर्टाने म्हटलं की मृतदेह ही कोणाची मालमत्ता नाही, त्यामुळे मृत्युपत्रातून त्याची विल्हेवाट बंधनकारक करता येत नाही. तुम्ही "साधेपणाने करा" लिहाल आणि मंडळी त्याच पैशात थाटमाट उडवतील. पाहिलंय. वर म्हणतील, त्यांनीच तर ठेवला होता!

मधली_बहीण
"साधेपणाने" हा शब्दच घातकी आहे. आईने नेमकं तेच लिहून ठेवलं होतं. मोठ्याच्या लेखी साधं म्हणजे दहा माणसं, धाकटीच्या लेखी साधं म्हणजे मंडप नको एवढंच. दोघंही आईच्याच शब्दावर बोट ठेवून भांडत होते, तेही बाहेर गाडी उभी असताना. आईने आकडा लिहायला हवा होता. याच्या वर जाऊ नका, एवढी एक ओळ. समोरचा माणूस विचारतो, "शेवटचंच आहे, हलकं कशाला घेता?" तेव्हा मी नको म्हटलं तर चिक्कू ठरते. आईनेच लिहिलंय म्हटलं की विषय संपतो.

कडूगोड
आकडा... हे पटतंय. पण वीस वर्षांपूर्वीचा आकडा आज कामाचा नाही.

मधली_बहीण
म्हणून तारीख घालायची आणि दर दोन-तीन वर्षांनी खोडून नवा लिहायचा. किराणा मालाची यादी नाही का बदलत आपण?

उनाडवारा
मी अजूनही म्हणतो, फार आखीवरेखीव करू नका. मुलांना चुकायला थोडी जागा ठेवा. पण आकड्याची ओळ मी लिहीन. बायको हसेल.

कोरी_वही
धागा वर काढतोय. कागद लिहून झाला, अर्धं पान. कोणाला आधी फोन करायचा, खातं कुठलं, मृत्युपत्र कोणाकडे, खर्चाची मर्यादा, आज तारीख काय. खात्यावर दुसरं नाव धाकट्या भावाचं टाकायचं ठरवलंय, त्याच्या होकाराची वाट पाहतोय. कागदाचा फोटो त्याला काल रात्री पाठवला. खाली एवढंच लिहिलं, "त्या वेळी विचारलं ते चुकलं माझं."

निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.