इंजिन 'बंद पडले' की 'बंद केले'?

नौपाड्याची अनुवादक : विमानप्रवाशांसाठीच्या पुस्तिकेचं काम चाललंय. प्रसंग असा : डाव्या इंजिनातलं तेल उतरल्याचा इशारा येतो, वैमानिक पॉवर कमी करतात, मग एक जण अशा वेळी काय करायचं त्याची यादी वाचतो, दुसरा त्याप्रमाणे इंधन तोडतो. मी लिहिलं, 'इंजिन बंद केले'. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'बंद पडले' केलं. समासात शेरा : 'हवेत कोण मुद्दाम इंजिन बंद करेल?'

कळवा कारशेड (निवृत्त) : ताई, तुमचंच बरोबर. लोकलची एखादी मोटर धुरावली की ती आयसोलेट करायची, गाडी बाकीच्या मोटरींवर पुढे. रिपोर्टात 'मोटर बंद पडली' लिहिलं असतं तर साहेब म्हणाला असता, मग तू काय करत होतास?

घणसोलीकर : ८ जानेवारी १९८९, इंग्लंडमधलं केगवर्थ. बोइंग ७३७. बिघाड डाव्या इंजिनात आणि वैमानिकांनी बंद केलं उजवं, धडधाकट! हादरे कमी झाले, म्हणून वाटलं जमलं. उतरता उतरता डावंही गेलं. ४७ माणसं दगावली. तिथे 'उजवे इंजिन बंद पडले' लिहून बघा.

वाशीचा जोशी : मुळात 'इंजिन' कशाला? 'यंत्र' लिहा.

घणसोलीकर : विमानात यंत्रं पन्नास. डावं यंत्र म्हणजे कॉफीचं का?

वाशीचा जोशी : थट्टा पुरे. 'इमर्जन्सी लँडिंग'ही नको. 'आणीबाणीचे अवतरण' म्हणा.

कोपरी पूर्व : अवतरण चिन्हात घालायचं असतं हो. आणि आणीबाणी म्हटलं की आमचे बाबा १९७५ वर घसरतात, रात्रीचं जेवण थंड होतं.

वाशीचा जोशी : शब्द त्याआधीचा आहे. 'आणीबाणीचा प्रसंग' माझी आजी म्हणायची.

नौपाड्याची अनुवादक : 'मेडे' आणि 'पॅन-पॅन'चं काय करू? पुढच्याच परिच्छेदात आहेत.

घणसोलीकर : तसेच ठेवा, रेडिओवरचे ठरलेले पुकारे आहेत. तीन-तीनदा म्हणतात. जिवावरचं असेल तर मेडे, तातडीचं पण तितकं नसेल तर पॅन-पॅन. दोन्ही फ्रेंचवरून. पहिल्याचा अर्थ 'मला मदत करा', दुसरा म्हणजे 'बिघाड', फ्रेंचांचा उच्चार जवळजवळ 'पान'.

कोपरी पूर्व : बिघाड म्हणजे पान? मग आपला 'पाना' तिथलाच! बिघाड झाला की पानाच लागतो.

कळवा कारशेड (निवृत्त) : स्पॅनरचा पाना झाला, त्यात फ्रेंच कुठून आणता.

वाशीचा जोशी : 'स' कुठे गेला मग?

कळवा कारशेड (निवृत्त) : आमच्या शेडमध्ये सांडला असेल. दहा-अकराचा पाना मागितला की पोरगं बरोबर आणून द्यायचं, स्पॅनर म्हटलं की बघत राहायचं.

नौपाड्याची अनुवादक : फाइल उद्या सकाळी द्यायचीय. तपासणाऱ्या बाईंना केगवर्थ पाठवू का?

कोपरी पूर्व : काका, त्या गोल तोंडाच्या पान्याला काय म्हणायचात? रिंगपाना?

कळवा कारशेड (निवृत्त) : रिंग. नुसतं रिंग.